वाक्य धुऊन आण

ती बोलायला लागली की कंडक्टरसुद्धा तिकिटं फाडायची सोडून दांड्याला टेकून उभा राहायचा. कोराडीहून नागपूर शहरात येणारी सकाळची बस आम्हा शाळेच्या पोरींनी निम्मी भरलेली असे. उरलेल्या निम्म्या बसमध्ये रात्रपाळी संपवून घरी चाललेले आणि बर्डीच्या बाजारात कामाला निघालेले लोक. सगळे अर्धवट झोपेत असायचे, आणि हिची गोष्ट सुरू झाली की जागे व्हायचे. ती आमच्या शेजारच्या क्वार्टरमध्ये राहायची, माझ्याच वर्गात होती आणि बाकावरही माझ्याच शेजारी बसायची. तिच्याइतकी जवळची मैत्रीण मला पुन्हा मिळाली नाही. हे आत्ताच सांगून टाकते, कारण पुढचं सांगताना माझा राग मध्ये मध्ये येणार आहे, आणि तो कशापायी आहे हे वाचणाऱ्याला माहीत असलेलं बरं.

सत्तरच्या दशकाची अखेर होती. पॉवर हाऊसची कॉलनी नवी होती, झाडं अजून खांद्याएवढी झाली नव्हती. वाळत घातलेल्या कपड्यांवर राख बसायची, म्हणून आमच्या आया वाऱ्याची दिशा पाहून धुणं काढायच्या. तिचे वडील पॉवर हाऊसमध्ये राखेच्या विभागात होते. गावाकडून येताना त्यांनी एक म्हैस बरोबर आणली होती. कॉलनीत गुरं पाळायला परवानगी नव्हती, पण निम्म्या कॉलनीला त्या म्हशीचं दूध जायचं, त्यामुळे तक्रार कोण करणार? म्हैस क्वार्टरच्या मागे टिनाच्या छपराखाली बांधलेली असे, आणि माझ्या मैत्रिणीच्या सगळ्या गोष्टी त्या म्हशीभोवतीच्या असत.

सगळ्यांची आवडती गोष्ट होती ती म्हैस पॉवर हाऊसच्या साहेबांच्या बंगल्यात शिरल्याची. म्हैस दावं तोडते, बंगल्याच्या बागेत जाते आणि शेवंतीचा सगळा वाफा चरून टाकते. माळी काठी घेऊन धावतो. तेव्हा म्हैस तोंडातली शेवंती चघळत मान वळवते आणि म्हणते, "काहून गा, मले काहून हाकलून राहिला? तुहा सायेब रोज कोनाच्या दुधाचा चहा पेते, विचार त त्याले!"

हे म्हणताना ती गाल फुगवायची, डोळे अर्धे मिटायची, आवाज पार पोटातून काढायची. बसमध्ये हशा पिकायचा. पन्नासदा ऐकलेली गोष्ट, तरी लोक त्या वाक्याची वाट पाहत थांबायचे. एकदा तर रात्रपाळीचा एक मिस्त्री हसता हसता आपला स्टॉप चुकला आणि थेट बर्डीला येऊन पोचला.

माझं बोलणं तिच्याहून वेगळं होतं. माझी आई मास्तरांची मुलगी. घरात 'मला-तुला', आणि अंगणात उतरलं की 'मले-तुले'. उंबऱ्याबाहेर चप्पल घालावी इतक्या सवयीनं मी एकातून दुसऱ्यात जायची. तिच्या घरी असलं काही नव्हतं. तिच्या घरात एकच बोली होती. तिच्यातच तिची माय रागवायची, लाड करायची, म्हशीशी भांडायची.

नववीला आम्हाला मराठीला नव्या बाई आल्या. पुण्याकडच्या. नवऱ्याची बदली नागपूरला झाली म्हणून आलेल्या, आमची शाळा होती त्या धरमपेठेतच राहायच्या. तरुण होत्या, वयानं आमच्या मोठ्या बहिणीसारख्या. त्यांनी कधी कोणावर हात उगारला नाही, कोणाला वर्गाबाहेर काढलं नाही. डबा न आणलेल्या मुलीला आपल्या डब्यातली पोळी द्यायच्या. त्या दुष्ट असत्या तर फार सोपं झालं असतं. मी त्यांचा मनापासून द्वेष केला असता आणि मोकळी झाले असते.

आमचं बोलणं ऐकून त्यांना खरोखर वाईट वाटायचं. या मुली हुशार आहेत, पण बोर्डाच्या परीक्षेत हे असं लिहून आल्या तर यांचं काय होईल, या काळजीपोटी त्यांनी एक पद्धत काढली. वर्गात कोणी 'मले' म्हणालं, 'करून राहिली' म्हणालं, की त्या हसून म्हणायच्या, "वाक्य धुऊन आण." मग त्या मुलीनं उभं राहायचं, तेच वाक्य मनात स्वच्छ करायचं आणि पुन्हा म्हणायचं. स्वच्छ झालं की बाई "शाबास" म्हणायच्या आणि ती खाली बसायची. पहिले काही दिवस आम्हाला हा खेळच वाटला. धरमपेठेतल्या मुली पटापट वाक्यं धुऊन आणायच्या. मीही आणायची.

तिला ते जमत नव्हतं. बुद्धी कमी नव्हती, गणितात ती माझ्या पुढे होती. पण तिला कुठे डाग आहे तेच दिसायचं नाही. एकदा बाईंनी विचारलं, रविवारी घरी काय केलंस? ती म्हणाली, "मायनं मले सांबार निवडाले बसवलं."

"मला," बाई म्हणाल्या. तिनं "मला" म्हटलं. "निवडायला." तिनं तेही म्हटलं. मग बाई थांबल्या. "पण सांबार निवडतात का गं? सांबार तर करतात, इडलीबरोबर."

आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात. अख्ख्या नागपुरात म्हणतात. बाई हसल्या, आणि त्यांच्याबरोबर वर्ग हसला. ज्या मुलींच्या घरी त्या दिवशी सकाळीच भाजीवाल्यानं सांबाराची जुडी टाकली होती, त्याही हसल्या. ती उभी होती. या वाक्यातला शब्द कुठून धुवायचा ते तिला कळेना. 'कोथिंबीर' हा शब्द तिनं पुस्तकात वाचला असेल, पण तो आपल्या घरी मातीसकट येणाऱ्या त्या जुडीचा आहे हे तिला कोणी सांगितलं होतं? मी तिच्या फ्रॉकचं टोक खाली ओढून "कोथिंबीर, कोथिंबीर" असं पुटपुटले. पण तोवर घंटा झाली.

त्या दिवसापासून पोरी तिला धोबीघाट म्हणायला लागल्या.

पुढे पुढे तिचं असं झालं की बाईंनी प्रश्न विचारला की ती उभी राहायची आणि तिचे ओठ हलायला लागायचे. आवाज नाही. आत वाक्य धुणं चालू असायचं. एक शब्द साफ झाला की दुसऱ्याची शंका. तोवर बाई पुढच्या मुलीकडे गेलेल्या असायच्या. मग ती हातच वर करेनाशी झाली. इतिहासाच्या सरांना आमच्या बोलण्याशी काही देणंघेणं नव्हतं, ते स्वतःच वर्ध्याकडच्या आर्वीचे. पण त्यांच्या तासालाही ती गप्प राहू लागली. मधल्या सुट्टीत डबा उघडायची आणि तसाच बंद करायची. विचारलं तर म्हणायची, "पोट दुखून राहिलं वं."

आमच्या शाळेत पोटदुखी ही एकच गोष्ट लोकांना समजायची. पोट दुखतं म्हटलं की शिवणाच्या खोलीतल्या सतरंजीवर पडायला मिळायचं आणि वरून चिमूटभर ओवा. घरी आई-बापांचं भांडण झालेली मुलगी असो, नापास व्हायच्या भीतीनं झोप उडालेली असो, की कोणी वाटेत छेडलेली असो, सगळ्यांना ओवा. त्या खोलीत ओव्याची बाटली कायम भरलेली असायची. पोट खरोखर दुखत असेल तर ओवा चांगला आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही.

दिवाळीनंतर एक दिवस बाईंनी तिची म्हैस ऐकली. मधल्या सुट्टीत पाण्याच्या टाकीजवळ आम्ही चार-पाच जणींनी आग्रह केला म्हणून ती सांगत होती. फार दिवसांनी सांगत होती. बाई मागे येऊन उभ्या राहिल्या होत्या, आम्हाला दिसल्या नाहीत. म्हशीचं ते वाक्य आलं आणि आमच्याआधी बाईच हसल्या. डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसल्या. पदरानं डोळे पुसत म्हणाल्या, "अगं, तू तर रत्न आहेस! संमेलनात तूच गोष्ट सांगायचीस."

तिचा चेहरा त्या क्षणी कसा झाला होता, ते मला अजून दिसतं. कित्येक आठवड्यांनी तिच्या गालावर रंग आला होता. घरी जाताना बसमध्ये तिनं माझा हात सोडला नाही.

आणि मग तालीम सुरू झाली. बाई रोज शाळा सुटल्यावर तिला थांबवायच्या, मी तिच्या सोबतीला. बाईंनी गोष्ट धुवायला घेतली. अगदी प्रेमानं, एकेक वाक्य. 'दावं' राहिलं, 'पेते'चं 'पितो' झालं, 'सायेब'चा 'साहेब' झाला. शेवटी गाडी म्हशीपाशी आली.

"म्हैस काय म्हणते?"

"काहून गा, मले काहून..."

"का रे, मला का हाकलतोस? म्हण."

तिनं म्हटलं. गाल फुगवायला गेली, पण त्या वाक्यावर गाल फुगेनात. मी न राहवून म्हणाले, "बाई, पण म्हैस तर कोराडीची आहे." बाई हसल्या. मायेनं माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, "असू दे गं. स्टेजवर सगळ्यांनी शुद्धच बोलायचं असतं." म्हशीनंसुद्धा.  याला उत्तरं मला आता सुचतात, ढीगभर.

संमेलन दुपारी होतं. तिची माय पहिल्यांदा आमच्या शाळेत आली. ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसून माझ्या आईच्या शेजारी सतरंजीवर पुढेच बसली. आलेल्या बायांना ती सांगत होती की माही पोरगी गोष्ट सांगनार हाय. मी पडद्याच्या बाजूला उभी होते, पाण्याचा पेला घेऊन. तशी कामगिरीच बाईंनी मला दिली होती.

तिनं सुरुवात छान केली. प्रत्येक वाक्य धुतलेलं, इस्त्री केलेलं. सभागृह शांतपणे ऐकत होतं. शांतपणे म्हणजे काय, कोणी जांभया देत होतं, कोणी पोराला शेंगदाणे सोलून देत होतं. म्हैस बागेत शिरली, शेवंती खाल्ली, माळी धावला. आणि ती थांबली. तिचे ओठ हलायला लागले. मला ठाऊक होतं आत काय चाललंय. मी पडद्याआडून कुजबुजले, "का रे, मला..." पण ते तिच्यापर्यंत पोचलं नाही.

मग तिनं डोळे अर्धे मिटले, गाल फुगवले, आणि पोटातून तो आवाज आला. "काहून गा, मले काहून हाकलून राहिला?"

सगळं सभागृह एकदम हसलं. जोरात हसलं. मागच्या रांगेतल्या पुरुषांनी टाळ्या वाजवल्या, कोणी तरी शिट्टीही मारली. सगळ्यात मोठ्यानं तिची माय हसली, माझ्या आईच्या मांडीवर थाप मारून. बसमध्ये रोज हसायचे तेच हे हसू होतं. लोक म्हशीवर खूश झाले होते, तिच्यावर खूश झाले होते. तिनं फक्त पुढचं वाक्य म्हणायचं होतं.

पण त्या सहा महिन्यांत तिला हसण्याचा एकच अर्थ उरला होता. 'मले' म्हटलं की हसतात, तो. ती समोर पाहत राहिली. तिनं हसणाऱ्या मायकडे पाहिलं. मायसुद्धा आपल्याला हसते आहे, असं तिच्या डोळ्यांत मला स्वच्छ दिसलं. मग ती वळली आणि माझ्या शेजारून पळत गेली. पेला माझ्या हातातून पडला.

टाकीच्या आड ती उकिडवी बसली होती. गुडघ्यांत तोंड खुपसून रडत होती. मी हाक मारली, हात धरला, तिनं हात झटकला. तिचा श्वास अडकत होता. मी घाबरले. इतकं कोणी रडताना मी पाहिलं नव्हतं. मी धावत बाईंकडे गेले. बाई पडद्यामागे नाचाच्या मुलींना घुंगरू बांधत होत्या, स्टेजवर कोणी नाही म्हणून गडबडून गेल्या होत्या.

"बाई, बाई, ते टाकीमागं रडून राहिली!"

बाईंनी मान वर केली. हातात घुंगरू. त्यांच्याही नकळत त्यांच्या तोंडून गेलं असेल, रोजच्या सवयीनं. "'ते' नाही, 'ती'. आणि रडून राहिली नाही. काय म्हणायचं?"

मी उभी राहिले. मी वाक्य धुतलं.

"ती रडते आहे."

"शाबास," बाई म्हणाल्या, आणि दुसऱ्या पायाचं घुंगरू बांधायला लागल्या. "चला, चला, तुमची रांग कुठे आहे?"

एवढंच झालं. यात कोणी कोणाला मारलं नाही, कोणी वाकडा शब्द बोललं नाही. पण मी आजही त्या पडद्यामागे उभी आहे असं मला वाटतं, आणि त्या शाबासकीनं माझं अंग पेटून उठतं. माझ्या वाक्यात एक जीव होता हो! तो कोणाला दिसला नाही, फक्त वाक्य दिसलं.

पुढे मी स्वतः शिक्षिका झाले. खापरखेड्याच्या पॉवर हाऊसच्या वाटेवरच्या एका शाळेत, पावडर फासल्यासारख्या राखेनं माखून येणाऱ्या मुलांपुढे. प्रशिक्षणात आम्हाला फळ्याचा उपयोग शिकवला होता, प्रश्न कसा विचारावा ते शिकवलं होतं. रडणाऱ्या मुलाशेजारी कसं बसावं हे कोणी शिकवलं नव्हतं, ते मी माझं मीच ठरवलं. जवळ जाऊन बसायचं. काय झालं म्हणून लगेच विचारायचं नाही. मूल ज्या बोलीत सांगेल त्या बोलीत ऐकायचं आणि त्याच बोलीत उत्तर द्यायचं. व्याकरण कुठे पळून जात नाही, ते उद्या शिकवता येतं. एकदा तपासणीला आलेल्या साहेबांनी मला सुनावलं, तुम्ही वर्गात गावंढळ बोलता. मी म्हटलं, हो, बोलते. त्यांनी तोंड वाकडं केलं. करू देत बापडे.

त्या वर्षाकडे परत येते. संमेलनाहून बसनं परतताना माय तिला जवळ घेऊन विचारत होती, "लय मस्त सांगून राहिली होती वं. काहून थांबली? लोक कसे खूश झालते!" ती खिडकीबाहेर पाहत होती. त्या संध्याकाळी ती बोलली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मग कोणाशीच नाही. तिची वाचा बसली.

शाळेत आधी ओवा झाला. मग मोठ्या बाईंनी तिला खोलीत बोलावून समजावलं, मग थोडं दटावलं. शिक्षकांच्या खोलीत कोणी म्हणालं नाटकं आहेत, कोणी म्हणालं लाडावलेली आहे. तिला काय होतंय हे विचारायचं काम आमच्या शाळेत कोणाचंच नव्हतं. पाणी भरायला माणूस होता, घंटा द्यायला माणूस होता, या कामाला कोणी नव्हतं.

एकट्या मराठीच्या बाई तिच्याकडे रोज यायच्या. त्यांचा चेहरा उतरून गेला होता. एक दिवस बाकाशी वाकून, तिच्या केसांवरून हात फिरवत त्या म्हणाल्या, "बाळ, कसंही बोल. पण बोल. 'मले' म्हण हवं तर. मी म्हणू का? मले, तुले." त्यांच्या तोंडी ते शब्द इतके विचित्र वाटले की मागच्या बाकावरच्या मुली फिसकन हसल्या. बाईंचे डोळे भरून आले. आणि हसू ऐकून हिनं मान आणखी खाली घातली. त्या दिवशी मला बाईंची दया आली आणि दया आली म्हणून स्वतःचाच राग आला.

कॉलनीतल्या दवाखान्यात तिला टॉनिक दिलं. शेजारणींनी अंगारे सुचवले. एका शहाण्या गृहस्थानं तिच्या वडिलांना चारचौघांत विचारलं की पागलखान्यात दाखवलं का?  तो शब्द ऐकून वडील घरी आले आणि पायरीवर बसून राहिले. मी तिला पाहायला गेले होते. मला म्हणाले, "पोट्टी दिवसभर बोले तवा मीच म्हनो, गप राय वं, डोकं दुखून राहिलं माहं. आता कोनाले म्हनू?" मोठा माणूस असा हुंदका देताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला.

मी रोज जायची. शाळेत काय झालं ते सांगायची. ती ऐकायची, कधी माझ्या वेणीची रिबीन नीट करायची, पण तोंड उघडायची नाही. मार्च उजाडला. मोठ्या बाईंनी निरोप पाठवला होता की तोंडी परीक्षा दिली नाही तर दहावीत घेता येणार नाही. माय मला अंगणात एकटीला गाठून म्हणाली, "तू बोलव नं वं तिले. तुह्याशिवाय कोनाचं आयकत नाही ते. एक शब्द बोलली तरी चालते मले. शिवी दिली तरी चालते."

मी मनाशी एक ठरवलं. छपराजवळ ती म्हशीपुढे कडबा टाकत होती. मी बाजूला बसले आणि म्हशीची गोष्ट सांगायला घेतली, मुद्दाम चुकीची. गोष्ट चुकली की तिला राहवत नसे, बसमध्ये मी कधी मध्ये बोलले की ती मला ढोसून गप्प करायची. मी शेवंतीऐवजी गुलाब म्हटलं. तिनं माझ्याकडे पाहिलं. मी माळ्याच्या जागी शिपाई आणला. तिच्या कपाळाला आठी पडली.  माय दारात कपबशी घेऊन उभी होती. मी म्हशीचं वाक्य अगदी बेसूर म्हटलं.

तिचे ओठ हलायला लागले.

किती तरी वेळ हलत होते. माय पुढे आली, कप तिच्यापुढे धरला, कारण तिला वाटलं पोरीला घसा ओला करायला हवा. "घे माय, चहा घे."

आणि ती बोलली. बारीक आवाजात, पण स्वच्छ, एकेक अक्षर वेगळं.

"मला चहा नको आहे, आई."

मायच्या चेहऱ्यावर आधी आनंद पसरला. ती बोलली! तिनं माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे. मग तो आनंद हळूहळू विझत गेला. या घरात 'आई' हा शब्द कधी कोणी वापरला नव्हता. पोर जन्मल्यापासून ती 'माय' होती. तिनं पोरीला न विचारता मला विचारलं, अगदी हळू, "हे कोन बोललं वं?"

पोरीनं ऐकलं. पुन्हा ओठ हलले. "मी बोलले, आई," ती म्हणाली.

त्यानंतर ती बोलत राहिली. रोज, सगळ्यांशी, मोजकं आणि शुद्ध. माझ्याशीही. आज उकाडा आहे, मी अभ्यास करते आहे, नको, आभारी आहे. पाहुण्यांशी बोलावं तसं. बोलायच्या आधी ओठ हलायचे, मग वाक्य यायचं. गोष्ट तिनं पुन्हा सांगितली नाही, मीही पुन्हा मागितली नाही. शाळेला मोठा आनंद झाला. तोंडी परीक्षेत तिला चांगले मार्क मिळाले. दवाखान्यातलं टॉनिक बंद झालं. शेजारणी म्हणाल्या, पोरगी बरी झाली, वर किती छान बोलायला लागली, अगदी शिकलेल्यांसारखी. मराठीच्या बाई तिच्या घरी येऊन भेटून गेल्या आणि जाताना त्यांच्या चेहऱ्यावरचं ओझं उतरलेलं मी पाहिलं.

उन्हाळ्यात तिच्या वडिलांची दूरच्या पॉवर हाऊसला बदली झाली. निघायच्या आदल्या संध्याकाळी मी त्यांच्याकडे गेले तेव्हा सामान बांधून झालं होतं आणि ती ट्रंकेवर बसून पुस्तक वाचत होती. वडील पोरगी दहावीत गेली म्हणून पेढे घेऊन आले होते. मोकळ्या झालेल्या चुलीपाशी माय भिंतीकडे तोंड करून बसली होती. तिचे खांदे हलत होते.

"आता काहून रडून राहिली वं?" वडील वैतागून म्हणाले. "पोट्टी बोलून त राहिली!"

माय वळली नाही. पोरीला ऐकू जाऊ नये म्हणून तिनं आवाज खाली आणला.

"तुमची बोलून राहिली," ती म्हणाली. "माही नाही बोलत अजून."